पंपिंग चांगलं, मग धाप का?

*डॉक्टर, सप्रेम नमस्कार.*

*आमच्या घरात सध्या टू-डी इकोचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेत आणि दोन्ही वाचून मी गोंधळून गेलेय. यांना (वय ५९) बारा वर्षांपासून बीपी आहे. तीन वर्षांपूर्वी ॲटॅक आला, स्टेंट बसवला. त्यांचं पंपिंग ४० टक्के. मी ५४ वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला. माझं पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असं सांगितलं. पण हे रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालून येतात आणि मी भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला चढताना वळणावर कठडा धरून उभी राहते. माझ्या रिपोर्टवर ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’ आणि ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन’ लिहिलंय. विचारलं तर ‘वयानुसार असतं’ एवढंच उत्तर मिळालं.*

*माझं बीपी दोन वर्षांपासून १५०-१६० आणि खालचं ९०-९५ असतं. पाळी जाऊन चार वर्षं झाली. सगळे म्हणतात त्याचाच परिणाम, टेन्शन घेऊ नका. ॲम्लोडिपिन ५ दिली होती, पाय सुजायला लागले म्हणून सोडली. आता डोकं दुखलं तरच घेते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी आणते. यांच्या डबीतली टेल्मिसार्टन अर्धी अर्धी घेतली तर चालेल का? बीपी तर एकच, मग बाईचं हृदय आणि पुरुषाचं हृदय वेगळं वागतं का?*

*ता. क. – धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात बीपी १७० झालं होतं, अंगावर सूज होती, आठव्या महिन्यात सिझर करावं लागलं. नंतर सगळं नॉर्मल झालं. त्याच मुलीला आता तिसरा महिना आहे.*

*– एक वाचक, कराड*

ताई, अर्ध्या गोळीचं आधी सांगते: नको. टेल्मिसार्टन तुम्हाला कदाचित लागेलही, पण ती सुरू करण्याआधी आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यातून कळतं) आणि पोटॅशियम बघावं लागतं. शिवाय यांच्या डबीत ॲटॅकनंतरच्या आणखी चार गोळ्या असणार. घाईत हाताला भलतीच लागली तर निस्तरायला मलाच पत्र लिहाल. ती डबी दर रविवारी तुम्हीच भरत असाल, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत नवऱ्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक बायकोला पाठ असतं आणि स्वतःची पट्टी चहाच्या डब्यामागे अर्धी पडलेली असते.

आता रिपोर्टकडे वळू. तुमचा सगळा गोंधळ ‘पंपिंग’ या शब्दाने केलाय. हा शब्द आम्हा डॉक्टरांनीच घराघरांत पोहोचवला, त्यामुळे दोष आमचाच.

पंपिंग ६० टक्के म्हणजे डाव्या कप्प्यात जेवढं रक्त आलं, त्यातलं ६० टक्के एका ठोक्याला बाहेर गेलं. आत किती आलं आणि ते आत घ्यायला किती जोर लागला, हे त्या आकड्यात कुठेच नाही. समजा कप्प्यात १०० मिली रक्त भरलं, तर ६० मिली बाहेर पडेल. ७० मिलीच भरलं तर ४२ मिली पडेल. टक्का दोन्ही वेळा साठच.

लोहाराचा भाता आठवा. भात्याचं कातडं मऊ असेल तर तो पटकन फुगतो, भरपूर हवा घेतो. कातडं जाड आणि ताठ झालं तर दाबायला कितीही ताकद लावा, मुळात आत हवाच कमी शिरते. तुमच्या रिपोर्टवरचं ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’ म्हणजे हे जाड झालेलं कातडं: डाव्या कप्प्याची भिंत आतल्या बाजूने जाड झाली, पोकळी तेवढीच राहिली किंवा थोडी आक्रसली. ‘डायस्टोलिक डिस्फंक्शन’ म्हणजे ठोक्यानंतर ते स्नायू नीट सैल पडत नाहीत, फुगायला कुरकुर करतात.

आणि धाप जिन्यातच का? बसलेलं असताना नाडी ७०-७५ असते. एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद मिळतात आणि त्यातला जवळजवळ ०.५ सेकंद हृदय नुसतं भरत असतं. जिना चढताना नाडी १२० वर गेली की अख्खा ठोकाच ०.५ सेकंदाचा होतो. आकुंचनाचा वेळ थोडाच कमी होतो. कात्री लागते ती भरायच्या वेळेला. मऊ हृदय तेवढ्यातही भागवतं. ताठ हृदयाला ते जमत नाही, मागे दाब वाढतो, तो फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो आणि तुम्ही कठडा धरता. इको मात्र तुम्हाला पलंगावर कुशीवर निजवून काढलेला असतो. तिथे हृदयाला जिना नसतो.

यांची गोष्ट दुसऱ्या रस्त्याने गेलीय. वाढलेल्या दाबाने हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचं आतलं अस्तर खरवडलं गेलं, तिथे चरबी साठली, एके दिवशी गुठळीने रस्ता बंद केला आणि स्नायूंचा एक तुकडा मेला. मेलेल्या जागी वण राहतो. वण आकुंचन पावत नाही, उरलेल्या स्नायूंवर भार येतो, कप्पा ताणून मोठा होतो आणि पंपिंग ४० वर येतं. पुरुषांत ही वाट जास्त दिसते, आणि बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसते. बायकांच्या हृदयाची वाढलेल्या दाबाला उत्तर देण्याची पद्धत बरेचदा तुमच्यासारखी: फुगण्याऐवजी जाड आणि ताठ होणं. पंपिंग चांगलं असूनही हृदय कमी पडतं, या प्रकारच्या रुग्णांत बायका जास्त सापडतात. अर्थात ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. ताठ हृदयाचे पुरुष आणि ऐन पन्नाशीत ॲटॅक आलेल्या बायका मी दोन्ही पाहते.

तर मग यांना धाप नाही आणि तुम्हाला आहे, याचं कोडं फारसं अवघड उरत नाही. त्यांच्या अशक्त हृदयाला तीन वर्षं रोज औषध मिळतंय. तुमच्या ‘उत्तम’ हृदयाला डोकं दुखेल तेव्हा मिळतं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून तिथल्या लोकांच्या हृदयाची नोंद ठेवली जातेय. सुरुवातीलाच पाच हजारांवर माणसं घेतली, आणि त्यात अर्ध्याहून जास्त बायका होत्या. त्या काळात हे सोपं नव्हतं, कारण हृदयरोग म्हणजे पुरुषांचा आजार असंच समजत. तिथल्या नोंदींवरून १९९६ मध्ये जे प्रसिद्ध झालं, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते: ज्यांचं हृदय पुढे कमी पडू लागलं, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना आधी बीपी होतं. आणि बीपीमुळे हा धोका पुरुषांत दुपटीने वाढतो, बायकांत तिपटीने. मशीनवरचा आकडा दोघांचा एकच असला तरी बाईचं हृदय त्याची किंमत जास्त मोजतं. तरीही नंतरच्या मोठ्या अभ्यासांत बायका कमीच. बीपी किती खाली आणावं हे ठरवणारा २०१५चा गाजलेला अमेरिकन अभ्यास घ्या. त्यातल्या ९,३६१ जणांत बायका एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त होत्या.

आता ‘वयानुसार असतं’ याबद्दल. ग्रेड वन हा सौम्य प्रकार आहे आणि पन्नाशीनंतर तो अनेकांच्या रिपोर्टवर येतो, हे खरं. काही त्रास नसता तर मीही फार बोलले नसते. पण भिंत जाड, बीपी १५०-१६० आणि जिन्यात धाप, हे तिन्ही एका बाईत असताना तेच वाक्य म्हणणं मला पटत नाही. रिपोर्टमध्ये ‘आयव्हीएस’ आणि ‘पीडब्ल्यू’ असे दोन आकडे शोधा. ती भिंतीची जाडी. बाईत ९ मिलिमीटरपर्यंत ठीक, पुरुषात १०. दोघांना एकच फूटपट्टी लावली की बाईची वाढलेली भिंत ‘बॉर्डरलाइन’ म्हणून सुटून जाते. ‘एलए’ म्हणजे डावा वरचा कप्पा वाढलाय का, तेही डॉक्टरांना विचारा. मागे दाब साठत असेल तर तो कप्पा खरं सांगतो.

हे मी शहाणपणाच्या चौरंगावर बसून लिहीत नाहीये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका तीनदा धापेची तक्रार घेऊन आल्या. ईसीजी बरा, पंपिंग चांगलं, वजन जरा जास्त, मुलाच्या लग्नाची धावपळ. मी कागदावर ‘ॲन्झायटी’ लिहिलं आणि झोपेची हलकी गोळी दिली. बीपी १६४ होतं. दवाखान्यात वाढतं म्हणून सोडून दिलं. चौथ्यांदा त्यांना रात्री दोन वाजता खुर्चीत बसवूनच आणलं, आडवं होता येत नव्हतं, फुफ्फुसांत पाणी भरलेलं. वाचल्या. आजही दिवाळीत फराळ पाठवतात आणि दरवेळी मला तो कागद आठवतो. तेव्हापासून बाईच्या धापेला ‘टेन्शन’ म्हणायच्या आधी मी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी आणि इको बघते. तुमचंही हिमोग्लोबिन आणि थायरॉइड झालं नसेल तर करून घ्या. धापेचं कारण तिथेही असू शकतं. ‘एनटी-प्रोबीएनपी’ नावाची रक्ताची एक तपासणी असते, हृदयावर ताण पडतोय का ते त्यातून कळतं. तुमच्या बाबतीत ती करावी असं माझं मत आहे.

पाळीचं म्हणाल, तर लोक अगदीच चूक नाहीत. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन असतं तोवर रक्तवाहिन्या सैल राहायला मदत होते. ते गेलं की वाहिन्या हळूहळू ताठर होतात, मीठ अंगाला जास्त लागतं, वजन पोटावर येतं. तरुणपणी बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा कमी असतं. साठीच्या आसपास त्या गाठतात आणि पुढे जातात. चूक आहे ती ‘परिणाम आहे, म्हणून सोडून द्या’ या उडीत. पाळी जाण्याने बीपी वाढलं म्हणून ते हृदयाला कमी लागतं असं थोडंच आहे? आणि कुणी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या, तर त्या बीपीसाठी किंवा हृदय राखण्यासाठी घ्यायच्या नसतात, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

पण तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही ताजा कलमात टाकलीत. सातवा महिना, सूज, १७०, आठव्या महिन्यात सिझर. गर्भारपणात ज्यांचं बीपी असं चढलं, त्यांना पुढे कायमचं बीपी जडण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ चौपट आणि हृदयधमन्यांच्या आजाराची दुप्पट असते. बाळंतपण झालं, आकडा उतरला, घरी सोडलं, बाळाचं वजन सगळे बघत बसले. आईचं बीपी दरवर्षी बघा, असं तुम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या काळी आम्हीही सांगत नव्हतो. वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते: बाळंतपणात बीपी झालं होतं का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा, मग बाळ पंचवीस वर्षांचं का झालेलं असेना.

बीपी मोजायचं कसं, हे आता जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बायकांचं बिनसतं. ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की तिचाच दंडाला करकोचा पडतो. बाहीवरून पट्टा बांधला तरी आकडा बिघडतो. सैल बाहीचा गाऊन घाला किंवा बाहीतून हात काढून दंड मोकळा करा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं. तुमच्या दंडाचा घेर त्यात बसतो का बघा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो, मोठा झाला तर खोटा उतरतो. मशीन यांच्यासाठी आणलेलं, पट्टा यांच्या मापाचा, असं असू शकतं. चहा होऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर ते बीपीच. दवाखान्यात घाबरून वाढणारं बीपी बायकांत जास्त आढळतं हे खरं, म्हणून तर घरची वही लागते. पुरुषांत उलटा प्रकार जास्त, दवाखान्यात छान आणि घरी-कामावर चढलेलं. यांचीही वही ठेवा.

ॲम्लोडिपिनने पायाला सूज येते, आणि ती बायकांत जास्त येते. गोळीच्या मात्रेवर अवलंबून असते आणि सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध दिलं की बरेचदा कमी होते. म्हणजे तुमचा अंदाज फार चुकला नव्हता, फक्त डबी चुकली होती. पण सूज हृदयामुळेही येऊ शकते, म्हणून तुमच्या डॉक्टरांना पाय दाखवा. ‘-प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, तोही बायकांत जास्त. लघवीच्या गोळीने सोडियम उतरतं, तिथेही बायकाच पुढे. याचा अर्थ औषधं वाईट असा नाही. बाईला त्रास झाला तर गोळी बदलायची असते, सोडायची नसते. आणि बीपीच्या गोळीचा डोकेदुखीशी संबंध जोडू नका. १६० ला बहुतेकांचं डोकं दुखत नाही. नीट उपचार झाले तर जाड झालेली भिंत वर्षभरात थोडी ओसरतेसुद्धा. ताठ हृदयासाठी पूर्वी आमच्या हातात फारसं काही नव्हतं. २०२१ पासून मधुमेहासाठी आलेल्या एका गटातल्या गोळ्या तिथेही उपयोगी ठरल्यात. तुम्हाला त्या लागतील की नाही, हे तपासण्यांवर ठरेल. पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात जा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा जिल्हा पहिल्या टप्प्यातच होता. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या तिथल्या रोजच्याच गोळ्या आहेत.

गुडघ्याची गोळी मात्र आजपासून बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या गोळीचा असर खातात. टेल्मिसार्टनसोबत त्या मूत्रपिंडालाही जड जातात. त्याऐवजी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं मिळून. आपल्याकडे भाजी बेताचीच खारट असते. घात करतात ते पानाच्या डावीकडचे पदार्थ. ठेचा, लोणचं, खारातली मिरची, वर पापड आणि मीठ घातलेलं ताक. सैंधव घेते म्हणून चालतं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, तेही सोडियमच. मिश्री लावत असाल तर पत्रात लिहिलं नसतं, मला ठाऊक आहे. लावत असाल तर तीही तंबाखूच.

आडवं झाल्यावर दम लागला, रात्री गुदमरून जाग आली, दोन उशा लागायला लागल्या, तर तपासण्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ यांपैकी काही अचानक सुरू झालं तर १०८. बायकांतही छातीत दुखणं हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे, पण सोबतीला ही बाकीची मंडळी जास्त असतात आणि ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणत ओवा चावण्यात दोन तास जातात.

राहिली मुलगी. तिचं पहिलंच बाळंतपण असेल, तर ते आणि आईला झालेला त्रास, या दोन्ही गोष्टी धरून तिच्या डॉक्टर धोका ठरवतील. तो जास्त वाटला तर साधारण १२ ते १६ आठवड्यांदरम्यान कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, म्हणजे विचारायची वेळ हीच आहे. स्वतःहून द्यायची नाही. तिच्या पुढच्या तपासणीला बरोबर जा आणि तुमची ती जुनी फाईल न्या. माळ्यावरही सापडली नाही तर तोंडी सांगा: सातवा महिना, अंगावर सूज, १७०, आठव्या महिन्यात सिझर. आणि तिथे गेलात की त्यांच्याच मशीनवर स्वतःचंही बीपी बघून घ्या.